हिराकस टाकूनही खोडव्याचा केवडा का जात नाही?

प्रश्न असा आहे: चुनखडीच्या काळ्या जमिनीत उसाचा खोडवा, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस, पिवळा पडला; या पिवळेपणालाच केवडा म्हणतात. एकरी दहा किलो हिराकस सरीत टाकून पाणी दिलं, तीन आठवडे झाले तरी फरक नाही. माल भेसळीचा होता का, डोस वाढवावा का, आणि मुळात हिराकस म्हणजे काय?

आधी डोसाचं सांगतो: तो वाढवू नका. माल भेसळीचा असू शकतो, आणि त्याची परीक्षा घरीच करता येते, ती पुढे देतो. पण तुम्ही केलेल्या वर्णनावरून माझं मत असं आहे की माल शंभर नंबरी असता तरी निकाल हाच आला असता. तुमच्या जमिनीत लोह कमी आहे म्हणून ऊस पिवळा पडलेला नाही.

हिशेब करून पाहा. आपल्या काळ्या जमिनी दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिजून तयार झाल्या आहेत आणि त्या पाषाणातच लोह भरपूर असतं. जमिनीत वजनाच्या ५ टक्के लोह धरू. एका एकरातल्या वरच्या १५ सेंटीमीटर थराचं वजन साधारण ९ लाख किलो भरतं. म्हणजे उसाच्या मुळांभोवती ४५ टन लोह आधीच पडून आहे. तुम्ही टाकलेल्या दहा किलो हिराकसात लोह होतं १.९ किलो. पंचेचाळीस टनांत दोन किलोंची भर घालून जमीन सुधारत नसते. ते पंचेचाळीस टन उसाला का मिळत नाहीत, हे आधी पाहायला हवं.

लोह दोन रूपांत वावरतं. फेरस आणि फेरिक. फेरस लोह पाण्यात सहज विरघळतं. त्याने आणखी एक इलेक्ट्रॉन गमावला की ते फेरिक होतं, आणि फेरिक लोह म्हणजे व्यवहारात गंजच. सामू, म्हणजे आम्ल-विम्लपणाचा आकडा (पीएच), एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता हजारपटीने घटते. सहाच्या सामूवर जे थोडंफार विरघळलेलं असतं, ते आठच्या वर जवळजवळ शून्यावर येतं. चुनखडीच्या जमिनीचा सामू बहुतेक वेळा आठच्या पुढेच सापडतो.

आता हिराकस. रसायनशास्त्रात त्याला फेरस सल्फेट म्हणतात. फेरस लोह, सल्फेट आणि स्फटिकात बांधलेले पाण्याचे सात रेणू अशी त्याची रचना आहे. शुद्ध मालात लोह वजनाच्या २० टक्के येतं, खत म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात १९ टक्के धरतात, आणि सोबत साडेदहा टक्क्यांच्या वर गंधक मिळतं. रंग फिकट निळसर हिरवा. पाण्यात चटकन विरघळतो, द्रावण आम्लधर्मी असतं. साठ अंश सेल्सियसच्या आसपास तापवलं की स्फटिकातलं पाणी सुटू लागतं, सगळं पाणी गेलं की पांढरी भुकटी उरते. आणखी जोराने तापवलं तर गंधकाचे तिखट वायू निघून जातात आणि तांबडं लोह ऑक्साइड मागे राहतं. हे वायू पाण्यात धरून गंधकाम्ल बनवण्याची पद्धत युरोपात बराच काळ चालू होती.

पण आपल्या कामाचा त्याचा सगळ्यात महत्त्वाचा गुण म्हणजे तो फेरस आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा दोष म्हणजे तो फेरस राहत नाही. दमट हवेत पोतं उघडं ठेवा, काही दिवसांत स्फटिकांवर पिवळसर तपकिरी थर चढतो. पाण्यात विरघळवून ठेवला तर द्रावण तासाभरात गढूळ व्हायला लागतं, आणि पाणी क्षारयुक्त असेल तर काही मिनिटांतच. हा तपकिरी रंग फेरिकचा. हिराकसाचे जेवढे उपयोग आहेत, त्या सगळ्यांत एकच काळजी घ्यावी लागते: लोहाने काम करेपर्यंत ते फेरस राहिलं पाहिजे.

तुमच्या सरीत काय घडलं ते आता लक्षात येईल. हिराकस पाण्याबरोबर विरघळला, चुनखडीला भिडला, सामू वर गेला, हवेतला ऑक्सिजन मिळाला आणि दोन किलो लोह फेरिक होऊन त्या पंचेचाळीस टनांत जमा झालं. बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांतच.

‘हिराकस टाकून जमिनीचा सामू खाली आणतो’ असं बरेच जण म्हणतात, म्हणून तोही हिशेब देतो. जमिनीत फक्त १ टक्का मुक्त चुनखडी असेल तर एकरी ती ९ टन झाली. एक टन चुनखडी निष्प्रभ करायला साधारण २.८ टन हिराकस लागतो. म्हणजे त्या एका टक्क्यासाठी एकरी २५ टन! आणि आपल्याकडे दहा-पंधरा टक्के चुनखडीच्या जमिनी दुर्मीळ नाहीत. कुंडीत हा प्रकार जमतो, शेतात नाही. कुंडीतल्या अनंताची किंवा एक्झोराची पानं बोअरच्या पाण्याने पिवळी पडली असतील, तर लिटरला एक-दोन ग्रॅम हिराकस विरघळवून लगेच घालावा, महिन्यातून एकदा, फरक दिसतो.

पिवळेपणा लोहाचाच आहे का, याची खात्री तुम्ही केली आहे असं प्रश्नावरून वाटत नाही. ती आधी करा. वनस्पतीत लोह जुन्या पानातून नव्या पानात सरकत नाही, त्यामुळे लोहाची कमतरता पोंग्यातल्या, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळीतल्या, कोवळ्या पानावर आधी दिसते. शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पिवळा पडतो आणि उसाच्या पानावर देठापासून टोकापर्यंत हिरवे-पिवळे पट्टे उमटतात. फार वाढलं की पान पांढरं होतं. खालची जुनी पानं मात्र हिरवीच असतात. खालची पानं आधी पिवळी पडली असतील तर नत्राकडे बघा. कोवळं पान शिरांसकट एकसारखं पिवळं असेल तर गंधकाकडे.

खोडव्यात आणखी एक धोका असतो: गवताळ वाढ. फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्म जीवामुळे होणारा हा रोग. एकाच बेटातून, म्हणजे एका बुडख्याच्या झुबक्यातून, गवतासारखे पुष्कळ बारीक फुटवे येतात, त्यातले बरेच पांढरट-पिवळे असतात, आणि लांबून पाहणाऱ्याला केवडाच वाटतो. त्यावर कितीही लोह फवारा, उपयोग नाही. ती बेटं मुळासकट काढून नष्ट करावी लागतात आणि त्या प्लॉटचं बेणं वापरायचं नसतं. लोहाचा केवडा पट्ट्यांनी येतो, चुनखडी जास्त असेल किंवा पाणी साचत असेल तिथे. गवताळ वाढीची बेटं इथे-तिथे विखुरलेली असतात.

खात्रीचा सोपा मार्ग आहे. पाच-सहा बेटांवर हिराकसाचं ताजं द्रावण फवारा आणि चार-पाच दिवसांनी पान जवळून बघा. लोहाचीच कमतरता असेल तर जिथे जिथे थेंब बसला तिथे हिरवे ठिपके उमटलेले दिसतात. १८४३ मध्ये फ्रान्समध्ये यूझेब ग्री यांनी पिवळ्या पडलेल्या झाडांना लोहाचे क्षार देऊन पानं हिरवी होतात हे दाखवलं, तेव्हापासून ही परीक्षा जगभर चालत आली आहे. तिच्याइतकी स्वस्त आणि स्पष्ट परीक्षा मला दुसरी ठाऊक नाही. पान प्रयोगशाळेत देऊन एकूण लोह मोजून घेतलं तर उलट फसायला होतं. केवडा पडलेल्या पानातही एकूण लोह पुष्कळ सापडतं, ते निष्क्रिय होऊन पडलेलं असतं.

आता उपाय. उभ्या पिकाला जमिनीतून देण्याचा नाद सोडा आणि पानावर द्या.

१० लिटर पाण्याला ५० ग्रॅम हिराकस आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. क्रम पाळायचा. आधी पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवायचं, मग हिराकस. आपल्याकडचं बोअरचं पाणी बायकार्बोनेटने भरलेलं असतं, त्यात थेट हिराकस टाकला तर डोळ्यांदेखत पाणी चहासारखं होतं, आणि ते फवारणं म्हणजे गंज फवारणं. लिंबूसत्त्व बायकार्बोनेट संपवतं आणि लोहाला धरूनही ठेवतं. पाणी फार जड असेल तर १० ग्रॅम पुरत नाही. सामूची कागदपट्टी वापरा आणि द्रावण पाचच्या आसपास किंवा त्याखाली आणा. विहिरीपेक्षा पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर उत्तम.

द्रावण तयार करून लगेच फवारायचं, रात्रभर ठेवायचं नाही. प्लास्टिकची बादली वापरा, पत्र्याची नको. चिकट द्रव्य जरूर घाला, उसाच्या पानावर पाणी टिकत नाही. १ टक्का युरिया मिसळायला हरकत नाही. पण १९:१९:१९, ०:५२:३४ असली स्फुरद असलेली विद्राव्य खतं त्यात अजिबात मिसळू नका, लोह फॉस्फेटचा साका बसतो, लोहही वाया जातं आणि स्फुरदही. बोर्डो किंवा चुना असलेलं काहीही नको. फवारणी संध्याकाळी करा, पान जितका वेळ ओलं राहील तितकं शोषण जास्त. ५० ग्रॅमच्या जागी १०० ग्रॅम करण्याचा मोह होतो, त्याने कोवळी पानं करपतात.

एका फवारणीने काम होत नाही, कारण वर सांगितलं तसं लोह पुढच्या पानात जात नाही. फवारलेलं पान हिरवं होतं आणि पोंग्यातून येणारं नवं पान पुन्हा पिवळं निघतं. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या धरून चला. ऊस डोक्यावर गेला की फवारणी हाताबाहेर जाते, तेव्हा आत्ताच करा.

खोडव्यातच केवडा जास्त का, याचं कारण मुळांत आहे. ऊस, ज्वारी, मका ही गवतवर्गीय पिकं कोवळ्या मुळांच्या टोकांतून एक प्रकारची द्रव्यं सोडतात, ती मातीतलं फेरिक लोह पकडून मुळात आणतात. जपानमध्ये ताकागी यांनी १९७६ मध्ये भात आणि ओटच्या मुळांच्या धुवणात ही द्रव्यं दाखवली. तोडणीनंतर जुनी मुळं मरत जातात, नव्या फुटव्यांची स्वतःची मुळं यायला वेळ लागतो, आणि मधल्या काळात लोह आणणारी टोकंच पुरेशी नसतात. त्यात थंडी असेल तर मुळं आणखी मंद. म्हणून बराचसा केवडा नवी मुळं सुटली की आपोआप ओसरतो. मला वाटतं फवारणीला मिळणारं निम्मं श्रेय या मुळांचं असतं. फवारणी तोवर पान जगवते, आणि तेही महत्त्वाचं काम आहे, कारण फुटव्यांची संख्या याच दिवसांत ठरते.

आणि या मुळांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे जास्तीचं पाणी. भिजट मातीत मुळांचा आणि जिवाणूंचा कार्बन डायऑक्साइड कोंडला जातो, चुनखडीशी मिळून त्याचं बायकार्बोनेट होतं आणि मुळांभोवतीचा सामू वर अडकून बसतो. पावसाळ्यात भुईमूग आणि सोयाबीन पिवळं पडतं आणि वाफसा आला की हिरवं होतं, ते यामुळेच. तुम्ही हिराकस टाकून ‘पाणी दिलं’ असं लिहिलं आहे. ते पाणी भरपूर असेल तर केवड्याला मदतच झाली. सध्या एक पाळी लांबवा, सरीच्या बगला फोडून हवा खेळू द्या.

मग जमिनीतून हिराकस द्यायचाच नाही का? द्यायचा, पण उघडा नाही आणि लागणीच्या वेळी. उसासाठीची शिफारस हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेटची आहे, सोबत २० किलो झिंक सल्फेट, १० किलो मँगेनीज सल्फेट आणि ५ किलो बोरॅक्स. हे सगळं दहापट शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून पाच-सहा दिवस मुरवायचं आणि मग सरीत द्यायचं. शिफारशीतला ‘मुरवून’ हा शब्द लोक वाचून सोडून देतात आणि तुमच्यासारखा अनुभव घेतात. मुरताना शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरतात, त्यामुळे चुनखडीच्या तावडीत ते लगेच सापडत नाही. ताजं शेण नको, कुजलेलं खत हवं.

ठिबकमधून हिराकस सोडू नका, ड्रिपर गंजाने बुजतात. ठिबकसाठी चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेलं, लोह असतं, पण त्यातही जमीन पाहून निवड करावी लागते. बाजारात सर्रास मिळणारं १२ टक्क्यांचं ईडीटीए लोह साडेसहा सामूपर्यंत टिकतं, त्यापुढे कॅल्शियम त्याची जागा घेतं. पानावर ते चालतं, चुनखडीच्या जमिनीत त्याचे पैसे वाया. चुनखडीत खरोखर टिकतं ते ईडीडीएचए, गडद तांबडं, ६ टक्के लोहाचं. महाग आहे. द्राक्षासारख्या पिकाला परवडतं, उसाला मी सहसा सुचवत नाही.

आता मालाची परीक्षा. स्वच्छ काचेच्या ग्लासात पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी घ्या, चिमूटभर हिराकस टाका. चांगला माल फिकट हिरवं, नितळ द्रावण देतो. तळाला तपकिरी गाळ बसला तर माल जुना, फेरिक झालेला. दुसऱ्या ग्लासात हिरड्याच्या भुकटीचं गाळलेलं पाणी घेऊन त्यात हे द्रावण घाला: लोह असेल तर निळसर काळा रंग उतरतो. नुसतं रंगवलेलं मीठ असेल तर काही होत नाही. तिसरी परीक्षा मोरचुदासाठी, म्हणजे तांब्याच्या सल्फेटसाठी, कारण काही दुकानांत दोन्ही शेजारी ठेवलेले असतात आणि गोंधळ झाल्यावर पीक करपलेलं मी पाहिलं आहे. घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा द्रावणात दहा मिनिटं बुडवा. त्यावर तांबूस तांबं चढलं तर ते मोरचूद आहे किंवा त्याची भेसळ आहे. फवारू नका.

हिरड्याची ही परीक्षा म्हणजे एक जुना धंदा आहे. टॅनिन आणि हिराकस मिळून काळा रंग होतो, यावर युरोपात कित्येक शतकं शाई बनत होती: माजूफळाचा काढा, हिराकस आणि डिंक. लिहिताना ती फिकट असते, कागदावर हवेने फेरसचं फेरिक झालं की काळी होते आणि पक्की बसते. म्हणजे शेतात जो दोष, तो इथे गुण. याच शाईतली आम्लता आणि लोह मिळून जुन्या हस्तलिखितांचे कागद अक्षरांच्या जागी खाल्ले गेले आहेत, ते वाचवण्यासाठी ग्रंथालयं आजही झगडत आहेत. आपल्याकडे सुती कापड काळं रंगवायला हिरडा आणि लोहाचा क्षार हीच जोडी चालायची.

कारखान्यात हिराकस मुद्दाम कमी आणि ओघाने जास्त तयार होतो. पोलाद गंधकाम्लाने धुताना आणि इल्मेनाइट वाळूपासून पांढरा रंग, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, काढताना तो मागे उरतो. म्हणूनच तो इतका स्वस्त आहे. त्याचा फेरसपणा सांडपाणी शुद्ध करायला उपयोगी पडतो: क्रोमियम मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या पाण्यातलं विषारी सहासंयुजी क्रोमियम तो तीनसंयुजी करतो, मग चुना घालून ते खाली बसवता येतं. सिमेंटमधल्या याच क्रोमियमने गवंड्यांच्या हाताला त्वचारोग होतो. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर २ पीपीएमची (दहा लाख भागांत दोन भाग) मर्यादा घातली, आणि ती पाळायला सिमेंटमध्ये बऱ्याचदा हिराकसच घालतात.

प्रयोगशाळेत त्याचं एक भावंड आमच्या रोजच्या कामात असतं. हिराकस आणि अमोनियम सल्फेट एकत्र स्फटिकावले की मोहर सॉल्ट मिळतं. ते हवेत हिराकसापेक्षा पुष्कळ जास्त टिकतं. बारावीला प्रॅक्टिकलमध्ये ते पुष्कळांनी हाताळलं असेल. तुमच्या माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्बाचा जो आकडा असतो, तो १९३४ मध्ये वॉकली आणि ब्लॅक यांनी दिलेल्या पद्धतीने याच क्षाराच्या द्रावणाने मोजलेला असतो.

औषधाचं थोडक्यात. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांत शुद्ध केलेलं, वाळवलेलं फेरस सल्फेट बराच काळ वापरात आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांत लोहाचे असे क्षार आहेत. २०१८ पासूनच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर स्त्रियांना रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी देतात. चहाबरोबर ती घेऊ नये, टॅनिन लोह बांधून ठेवतं. लिंबू चालतं, ते लोहाला शोषण्याजोगं ठेवतं. आयुर्वेदातलं कासीसही हेच. पण खताच्या पोत्यातला हिराकस हा खाण्याचा पदार्थ नाही, त्यात शिशासारख्या अशुद्धी असू शकतात. आणि लोहाच्या गोळ्या असोत की हिराकसाचं पोतं, लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लोहाची विषबाधा लहान मुलाचा जीव घेऊ शकते.

तुमच्याकडे उरलेलं पोतं असेल तर त्याचं तोंड घट्ट बांधून कोरड्या जागी, फळीवर ठेवा. आठवडाभरात पहिली फवारणी करा. खोडवा निघाल्यावर पुढच्या लागणीआधी मातीचा नमुना द्या आणि अहवालात दोन आकडे मुद्दाम मागून घ्या: मुक्त चुनखडीची टक्केवारी, आणि डीटीपीए (मातीतलं लोह काढून घेणारं रसायन) पद्धतीने मोजलेलं उपलब्ध लोह. लोह ४.५ पीपीएमच्या खाली असेल तर शेणखतात मुरवलेला हिराकस सरीत द्या. वर असूनही केवडा येत असेल तर खर्च लोहावर नाही, पाण्याचा निचरा काढण्यावर करा.